लाटेची ओटी

सुनावणी म्हटली की एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि साहेब लोकांच्या जांभया, एवढंच नवसाबाईला ठाऊक होतं. पण तिच्या दिरानं, सोमनाथनं, तर मांडवच घातला होता! खाली गालिचा, वर झालर, कोपऱ्यात मोठाले पंखे आणि कमानीवर झेंडूची एवढी जाड तोरणं, की लग्नाची वरातच यायची बाकी होती. आणि तोरणं तरी कुणाच्या मळ्यातली? तिच्याच. पहाटे हर्षलनं क्रेट भरले तेव्हा तिला वाटलं होतं, पोरगं फुलबाजाराला निघालंय.

"कंपनीनं मागितली, आई. नाही कसं म्हणायचं?" हर्षल खाली बघत म्हणाला.

"तर! आज फुलं मागितली, दिली. उद्या आईला मागतील. तिलाबी क्रेटात घालून पोचती कर."

पोरगं वाईट नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात पाळ्या करून मळाही बघायचं. पण चुलत्यालाही दुखवायचं नाही आणि आईलाही दुखवायचं नाही, असा दोन्ही डगरींवर पाय ठेवून ते गेले चार महिने उभं होतं. सून मंजुषा तशी नव्हती. हरकतीचा अर्ज तिनंच लिहिला होता, नकाशाची प्रत तिनंच काढून आणली होती, आणि आत्ताही ती सासूच्या शेजारच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"आई, आज जास्त बोलायचं नाही," ती कानाशी लागली. "फक्त म्हणायचं, हरकत कायम आहे. कुणी चिडवलं तरी तेवढंच."

"मला काय येड लागलंय का जास्ती बोलायला?" नवसाबाई म्हणाली.

मंजुषानं पिशवीचे बंद आणखी आवळले.

भांडण लाटांशी नव्हतं, हे नवसाबाई पहिल्या दिवसापासून सांगत आली होती. तिडके मळ्याला लागून असलेलं माळरान कंपनीनं घेतलं, तिथं सर्फ पार्क करायचं ठरवलं. म्हणजे यंत्रानं समुद्राच्या लाटा उठवायच्या, माणसांनी फळीवर उभं राहून त्यांच्यावरून घसरत यायचं, आणि ते करायला मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून नाशकात यायचं. या, बापडे हो. भांडण होतं ते रस्त्याशी. पार्ककडे जाणारा रुंद रस्ता आराखड्यात सरळ तिडके मळ्यातून दाखवला होता, आणि त्या रेषेच्या बरोब्बर मधोमध त्यांची विहीर होती. दुसरी वाट शिवेवरून होती, नाल्याच्या कडेनं. पण ती लांबची, वर तिला पूल बांधावा लागणार. विहीर बुजवणं सोपं.

आणि विहीर सामायिक. नवसाबाईचा नवरा धोंडीराम आणि सोमनाथ, या दोघा भावांनी मिळून खणलेली. धोंडीराम गेल्यावर त्याच्या जागी नवसाबाईचं नाव लागलं. सोमनाथनं ठिबकच्या योजनेसाठी बायकोचं, सुलाबाईचं नाव आपल्या नावाशेजारी लावून घेतलं होतं. अशी हक्कात तीन नावं झाली. नवसाबाईची हरकत, सोमनाथची संमती, आणि सुलाबाईला कुणी विचारलंच नव्हतं. नगररचना विभागाच्या मोहिनी मॅडमनी मागच्या तारखेला स्पष्ट सांगितलं होतं, की एकाचीच हरकत असेल तर रेषा हलवणं अवघड. तिघांपैकी दोघांची असेल तर शिवेच्या वाटेचा विचार करावाच लागेल. शेवटचं ऐकणं जागेवर येऊन, आजच.

"तिचं येगळं काय विचारायचं?" सोमनाथ तेव्हा हसून म्हणाला होता. "घरात मी हाय ना."

मॅडम आल्या. साध्या कॉटनच्या साडीत, पायात बूट. मांडव बघून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"हे काय? स्थळपाहणी आहे की उद्घाटन? मंजुरीचा अजून पत्ता नाही."

कंपनीचा राज नावाचा तरुण माइक हातात घेऊन धावत आला. "नाही नाही मॅडम, फक्त चाचणीची लाट दाखवायची आहे. लहानसा तलाव केलाय, कल्पना यावी म्हणून. पहिलं पाणी आहे, तर पूजा तेवढी. सोमनाथकाकांच्या मिसेस ओटी भरतील."

"पूजा तुमची तुम्ही करा. माझ्या टिपणात ती येणार नाही. आधी पाणी बघू, मग ऐकू."

सुलाबाई तलावाच्या काठाशी ताट घेऊन उभी होती. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. नवसाबाईनं तिकडं पाहिलं आणि सवयीनं तोंड फिरवलं.

ही सवय धोंडीराम गेल्यापासूनची. दर आश्विनात, पाऊस सरून विहीर काठोकाठ आली की तिची ओटी भरायची, ही तिडक्यांची रीत. नवी नवरी होऊन आली तेव्हापासून ती नवसाबाई भरायची. धोंडीराम गेला त्या साली ताट सुलाबाईच्या हातात गेलं. कुणी नवसाबाईला येऊ नको म्हणालं नव्हतं, पण चला म्हणूनही कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी ती शेवंतीच्या वाफ्यात फुलं तोडत बसायची. त्यावरून दोघी जावांत भांडण कधी झालं नाही. बोलणंच कमी झालं. आधी एकमेकींच्या घरी कालवणाची वाटी जायची, तीही थांबली.

"रेडी?" राज माइकवर ओरडला. "थ्री, टू..."

आधी आवाज आला. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा, जाड, हळू. खुर्च्यांचे पाय थरथरले. तलावाच्या पलीकडच्या टोकाला लोखंडी दारं होती, ती आत-बाहेर हलली आणि पाण्याच्या पाठीवर एक लांबच लांब वळी उठली. नवसाबाईला वाटलं, एवढंच? पाटाला पाणी सोडल्यावर उठते तेवढी तर आहे. पण ती वळी पुढं येता येता उंच व्हायला लागली. ढोपराएवढी होती ती कमरेएवढी झाली, कमरेएवढी होती ती पुरुषभर झाली, आणि तरी थांबेना! पाण्याची भिंतच उभी राहिली. भिंत म्हणावं तर आरपार दिसत होती. तिच्या पोटातून ऊन हिरवंगार होऊन येत होतं, आणि वरची कड तर शेवंतीच्या पाकळीइतकी पातळ.

आणि त्या पाण्यावर एक पोरगी उभी होती. दक्षिणेतल्या कुठल्याशा किनाऱ्यावरून आणलेली, काळीसावळी, अंगानं काटक. हात पसरून, गुडघे वाकवून, अशी काही मजेत उभी, की जणू ओट्यावर उभी राहून गल्लीतली गंमत बघतेय. लाट तिच्या डोक्यावरून वळली. पोरगी दिसेनाशी झाली. मांडवातल्या बायकांनी "अगं आई गं!" म्हणून किंकाळी फोडली. तेवढ्यात पोरगी त्या पाण्याच्या बोगद्यातून हसत बाहेर आली आणि लाट काठावर येऊन अशी फुटली, की तुषार पार मांडवापर्यंत उडाले.

नवसाबाई कधी उभी राहिली, तिचं तिला कळलं नाही. वणीचा गड ती चढली होती, त्र्यंबकला कुशावर्तात न्हाली होती, गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर तर लहानपणापासून बघत आली होती. पण समुद्र तिनं पाहिला नव्हता. मुंबईला एकदा लग्नाला गेली, तर कार्यालयातून उठून स्टेशन गाठायची घाई झाली होती. समुद्र असा असतो होय! पाणी असं उठतं? स्वतःच्या पायावर? तिच्या अंगावर सरसरून काटा आला, डोळे भरून आले, आणि एवढं मोठं काही समोर आलं असताना आपण रिकाम्या हातानं उभं राहायचं, हे तिला कसंतरीच वाटलं.

यंत्र पुन्हा घुमलं. दुसरी लाट उठली, पहिलीपेक्षा मोठी. काठावरची सुलाबाई भेदरून दोन पावलं मागं सरली. ताट तिच्या हातात कलंडायला आलं होतं.

नवसाबाईनं जाऊन ते ताट घेतलं. हिसकावलं नाही, घेतलं, जसं एकीनं दमल्यावर दुसरी पोरगं कडेवर घेते. काठाशी वाकली, पाण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, खण सोडला, तांदूळ सोडले, नारळ दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. लाट आली, तिच्या पायांवरून गेली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. तिनं त्याच ओल्या काठावर डोकं टेकवलं.

"माय," ती म्हणाली, "केवढी गं तू!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आजी!" राजला माइक आवरेना. "बघितलंत मॅडम? हरकत घेणाऱ्या आजींनी स्वतः ओटी भरली! यापेक्षा मोठा आशीर्वाद कुठला? आजी, इकडं बघा, एक फोटो..."

सोमनाथचा चेहरा असा फुलला, जसा नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचाचा. तो लगबगीनं मॅडमकडं गेला. "लिवून घ्या मॅडम. वहिनींची हरकत मिटली. देवीनंच कौल दिला म्हणा की!"

नवसाबाई वळली तेव्हा मंजुषा पिशवी छातीशी धरून समोर उभी होती. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, हे काय करून बसलात? सगळ्यांचे मोबाईल चालू होते!"

नवसाबाईनं आपल्या बोटांकडं पाहिलं. बोटांना कुंकू होतं. इतक्या वर्षांनी. आपण कोण आहोत, आपल्याला काय चालतं, काय चालत नाही, हे सगळं त्या पाण्यासमोर ती सपशेल विसरली होती. आता सगळं आठवलं.

"मंजुषा, मी ओटी भरली गं. माझ्या हातानं. कुंकू..."

"कुंकवाचं जाऊ द्या हो, आई! हरकतीचं बोला! तिकडं काका लिहून देतायत!"

बोलावणं आलंच. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. एका बाजूला सोमनाथ, त्याच्या खुर्चीमागं सुलाबाई, मधे कुठं तरी हर्षल. नवसाबाई ओल्या लुगड्यानिशी समोर बसली.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "मी सरळ विचारते. तुमच्या दिरांचं म्हणणं, तुमचा विरोध राहिला नाही. आत्ता मी जे पाहिलं त्यावरून मलाही क्षणभर तसंच वाटलं. तुम्ही स्वतः सांगा."

मंजुषानं खुर्चीखालून सासूच्या पायाला पाय लावला. हरकत कायम आहे, एवढंच. पण नवसाबाईला तेवढंच कसं जमावं?

"मॅडम, मी पाया पडले ते खरंय. मी खोटं नाय बोलणार. परत उठली तर परत पडंन. असलं काय मी जन्मात पाह्यलं नव्हतं. ए पोरा," ती राजकडं वळली, "लाट लय भारी बनवली रे तू. हात मोडू नये तुझा."

राज गोंधळून हसला. मंजुषानं डोळे मिटून घेतले.

"पण मॅडम, गंगेला पूर आला का आम्ही घाटावर जाऊन नारळ सोडतो, खण सोडतो. म्हणून काय तिला म्हणतो का, ये बाई, घरात शीर आन् चुलीपाशी बस? मोठ्याला हात जोडायचे ते जोडायचे. आपलं घर आपण राखायचं."

मांडवात हशा पिकला. मॅडमसुद्धा हसल्या.

"म्हणजे हरकत..."

"कायम. लाट राहू द्या, मी रोज बघायला यीन. रस्ता शिवेवरून न्या. माझी इहीर सोडा. तिच्या पाण्यावर दोन्ही घरची फुलं हायेत. बोअर मारून झाले, मॅडम, आमच्या खडकात बोअरला धूळ लागती. इहीर गेली का दोन वर्षांत मळा गेला. मग ह्यो हर्षल नुस्ता कारखान्यातला, आन् सोमाची पोरं रस्त्याच्या कडंला टपरीवाली."

हर्षलनं मान वर केली. "मॅडम, आई बोलतेय ते खरं आहे," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण म्हणाला. "बोअर तीन मारले, तिन्ही कोरडे गेले."

सोमनाथनं पुतण्याकडं असं पाहिलं, जणू जेवताना ताटातली भाकरीच कुणी उचलून नेली. गेले चार महिने पोरगं आपलंच आहे, असं तो धरून चालला होता. त्यात मांडवात सगळा गाव, कंपनीची माणसं, हशा. त्याचा तोल गेला.

"रस्ता आला तर दोन्ही घरांना रस्त्याचं तोंड मिळंल, हे कुणी बोलंना! आन् वहिनी, एवढी हरकत होती तर ओटी कशाला भरली? ताट सुलाचं होतं! तुम्हाला अधिकार तरी हाय का ओटी भरायचा? दादा जाऊन किती वर्षं झाली, ते ध्यानात हाय ना?"



सोमनाथलाही कळलं असावं, की जीभ नको तिकडं गेली. तो शाळेत जायचा तेव्हा नवसाबाई या घरात आली होती. त्याच्या दप्तरात भाकरी तिनंच बांधून दिली होती, त्याच्या लग्नात करवलीसारखी तीच मिरवली होती. पण बाहेर पडलेला शब्द आत घेता येत नाही. नवसाबाईनं कुंकवाची बोटं पदरात लपवली. तिच्याकडं एवढी उत्तरं होती, गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण तो खोटं बोलला नव्हता. रीतीप्रमाणंच बोलला होता.

"सोमनाथराव, हा प्रश्न इथला नाही," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. "आणि आजी, तुमची हरकत मी नोंदवली. पण मागेच सांगितलंय, एकीवर..."

"मॅडम."

आवाज कुणाचा, हे पटकन कुणाला उमगलंच नाही, कारण हा आवाज चार माणसांत कुणी ऐकलाच नव्हता. सुलाबाई नवऱ्याच्या खुर्चीमागून पुढं आली होती. ती टेबलाकडं गेली नाही. आधी नवसाबाईकडं गेली. तिचा पदरात दडवलेला हात बाहेर ओढला, बोटांवरचं कुंकू पाहिलं, आणि तो हात तसाच आपल्या हातात धरून ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "मला भ्या वाटलं त्या पाण्याचं. माझे पाय गळाठले. तुम्ही ताट घेतलं म्हणून ओटी भरली गेली. नायतर पहिल्या पाण्याला मी पाठच दाखवली असती."

"सुले, अगं..."

"थांबा, बाई. यंदा आश्विनात इहिरीची ओटी तुम्ही भरायची. मी ताट धरीन."

"सुला, काय लावलंय हे?" सोमनाथ उठला. "मॅडमचा येळ चाललाय. घरी बोलू."

"घरी कवा बोलतो आपण?" सुलाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, नवऱ्याकडं बघितलंही नाही. तिच्या कपाळावर घाम होता, पण पाय जागचे हलले नाहीत. "मॅडम, ओटी भरायची तर इहीर पायजे ना. माझंबी नाव हाय म्हणं त्या इहिरीवर. मला कुणी विचारलं नाय. तुम्ही लिवून घ्या. माझी हरकत हाय."

मंजुषाच्या हातातली पिशवी गळून पडली. राजनं माइक हळूच खाली केला. नवसाबाईच्या अंगावर पुन्हा काटा आला. चोवीस तास समोर असलेली बाई, दाराआडून बोलणारी, पाहुणे आले की आतल्या आत सरकणारी, ही एवढी उंच कधी झाली? आणि आपल्याला कसं दिसलं नाही? तिनं सुलाबाईचा हात इतका घट्ट धरला, की बांगड्या रुतल्या.

"नीट विचार केलाय ना?" मॅडमनी विचारलं. "दोघींची हरकत असेल तर मला शिवेच्या रस्त्याची पाहणी लावावी लागेल. पुढं काय होईल त्याची खात्री मी देत नाही. पण ही रेषा इथं थांबेल."

"केला."

"मग पूर्ण नाव सांगा, ताई."

इथं मात्र सगळ्यांच्या माना सोमनाथकडं वळल्या. सुलाबाईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात पोरीला सांगायला लावायची, दवाखान्यात नर्सला कार्ड दाखवायची, हळदीकुंकवाला फारच आग्रह झाला तर उखाण्यात गुंडाळून एकदाच पुटपुटायची. दर वेळी तिच्या वतीनं सोमनाथच नाव सांगायचा. आत्ताही त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.

मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. मागं यंत्र पुन्हा घुमायला लागलं होतं, पण तलावाकडं कुणी बघत नव्हतं.

सुलाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"सुलाबाई," ती म्हणाली, आणि मग मांडवाच्या शेवटच्या खुर्चीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "सोमनाथ तिडके."